हेमलाचा घास

१२ फेब्रुवारी
माहेराहून, धनजहून निघून दुपारी केनवडला पोचलो. घर मला आवडलं. भाजीच्या मळ्यातच आहे, दारातून मेथी-कोथिंबिरीचे वाफे दिसतात आणि नळाला पाणी भरपूर. मी जगदेवरावांची दुसरी बायको. पहिली हेमला, दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. आल्या आल्या सासूबाईंनी माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा, रुपयाएवढा, त्यावर नथ घातलेली बाई. पहिला घास टाकाला लावून बाजूला ठेवायचा, मगच आपण जेवायचं. धनजलाही ही चाल आहेच. मनात म्हटलं, खाऊ दे बिचारीला, मेलेलं माणूस खाऊन खाऊन किती खाणार!

संध्याकाळी मेथीला पाणी देताना यांना कासव सापडलं. कोंबड्यांचं डालं पालथं घालून त्याला अंगणात ठेवलंय. एकाच दिवशी आम्ही दोघं नवे.

१५ फेब्रुवारी
कासव खात नाही. मेथी दिली, काकडीचे काप दिले, जास्वंदीची फुलं दिली. परातीत पाणी ठेवलं, सकाळचं ऊन दाखवलं. मान आत ती आतच. हे तासन्‌तास डाल्याशी उकिडवे बसतात. मी जेवले का, हे मात्र तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही. सासूबाईंना म्हटलं, हे मरेल. त्या म्हणाल्या, "घाई कायले करून राह्यली? नवी जागा हाये. रुळीन हळूहळू." मला असं कोणी म्हणालं नाही.

१८ फेब्रुवारी
जेवताना सासूबाईंनी पुन्हा हेमलाचं पुराण काढलं. तिच्या हातची भाकर, तिच्या हातचं पिठलं. मेल्या म्हशीला मणभर दूध! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाकाला लावायचा घास मी तसाच उचलला आणि अंगणात कासवापुढे भिरकावला.

त्याने मान काढली आणि खाल्ला. भाकरीचा कणही ठेवला नाही.

हे एवढे हरखले की सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. घास कोणाचा होता ते मी सांगितलं नाही. आता रोज त्यालाच देणार.

२१ फेब्रुवारी
बाकी कशाला तोंड लावत नाही, फक्त तो घास. डाल्याबाहेर सोडलं की सरळ स्वयंपाकघरात येतं आणि चुलीच्या डाव्या अंगाला बसतं. सासूबाई म्हणाल्या, हेमला तिथंच बसायची. त्यांना त्याचं कौतुक वाटलं, मला घाम फुटला.

दुपारी हे त्याला म्हणाले, "हेमे, ये इकडं." मी विचारलं, कोणाला हाक मारली? म्हणाले, तोंडातून निघालं. मला कधी नावाने हाक मारली नाही यांनी. जळते आहे मी, खोटं कशाला लिहू? जितीजागती सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या.

२३ फेब्रुवारी
आज टाक गळ्यातून काढला आणि कासवाच्या पाठीला दोऱ्याने करकचून बांधला. म्हटलं, एवढी घरची आहेस तर घाल तूच. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी
डालं रिकामं. कासव नाही, टाक नाही. कोणी शोधतही नाही — हे सकाळपासून शीळ घालताहेत.

भाकर गिळवत नाही. तोंडात नुसती फिरते.

२५ फेब्रुवारी
आजही पोटात काही नाही. मेथीचा वास मात्र गोड लागतो, कच्च्या मेथीचा. पाठ ताठली आहे. उन्हातच बरं वाटतं. कोणी हाक मारली की मान आपोआप —

हाक मला नव्हती.

२६ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात बांगड्या वाजताहेत. माझ्या लग्नाच्या हिरव्या. माझे हात मोकळे आहेत.

ताटं तीन. हे, सासूबाई, आणि चुलीच्या डाव्या अंगाला — पाठमोरी. हे हसले. माझं ताट कुठं आहे — मी इथं आहे, मी — मालकीण मी —

आवाज निघत नाही.

२७ फेब्रुवारी
पेन धरवत नाही. अंगणात. वर डालं. फटींतून ऊन.

ती आली. गळ्यात टाक. टाकावरच्या बाईला नथ नाही आता. नाकात चमकी आहे, माझ्यासारखी. तिने घास टाकाला लावला, डालं उचललं आणि माझ्यापुढे ठेवला. भूक — नाही खाणार — खाल्ला तर मी —

हे म्हणाले, ही खात नाही.

ती हसली. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नवी जागा हाये," ती म्हणाली, "रुळीन हळू —"

भूक लागली आहे. मान बाहेर —