मांड्यांच्या हातचे टार्ट

गोडादरा, सुरत

प्रिय हर्षदा,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू रडतेस, मग मी रडते आणि मुद्दा राहून जातो. तुझ्या वडिलांनी, भाईदासभाऊंनी, मला सगळं सांगितलंय. नंदुरबारच्या अक्षयचं स्थळ आलं, माणूस तुला बरा वाटला, आणि तरी तू नाही म्हणालीस. का, तर माझा लेक योगराज गेला, आता ‘सासूला माझ्याशिवाय कोण आहे, तिला एकटं टाकून दुसरं लग्न कसं करू.’ वा गं बाई! सासूला, म्हणजे मला, विचारलंस का? थांब, त्यावर येतेच. आधी तुझ्या टार्टचं काय झालं ते ऐक.

तू माहेरी दोंडाईचाला गेलीस आणि इकडे तुझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक नीलाबेनचा निरोप आला. नातवाच्या वाढदिवसाला जॅम टार्ट हवेत, हर्षदाच्या हातचेच. तू इथे नाहीस हे न सांगताच मी हो म्हणून बसले. आयुष्यभर खापरावर मांडे केलेत मी. लिंबायतमध्ये आपल्या खान्देशी माणसांत कुणाकडे कार्य निघालं की मांड्यांसाठी धुरपदाबाईलाच बोलावणं येतं. त्या मैद्याच्या टीचभर वाट्या मला काय जड! मैदा, लोणी, साखर परातीत घेतली आणि मांड्यांची कणीक मळतो तशी लागले मळायला. आपटली, ताणली, पाण्याचा हात लावून पुन्हा आपटली. मनात म्हटलं, हर्षदा उगीच बोटांच्या टोकांनी चुळबुळ करत बसते, अंगात जोरच नाही पोरीच्या. मग जॅम काठोकाठ भरला. कमी भरला तर लोक चिक्कू म्हणतील ना! झालं, ओव्हनमध्ये जॅम उतू जाऊन साच्यांना चिकटला, जळला, घरभर धूर. वाट्या आक्रसल्या त्या वेगळ्याच. खालच्या मजल्यावरच्या शीतलने एक तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, मावशी, हे खायचं की पायात घालायचं?

हस, हस. पण मी काय हार मानणारी आहे? शीतलच्या मोबाइलवर तुझा जुना व्हिडिओ लावला आणि नीट बघितला. तेव्हा कळलं की ज्या जोराने मांडा पसरतो, त्याच जोराने टार्टची माती होते. लोणी अगदी थंड घ्यायचं, बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, रवाळ झालं की चमचाभर गार पाणी घालायचं आणि गोळा जमला की हात काढायचा. हात काढणंच मला जमेना बघ. सवयीने पुन्हा पुन्हा परातीत जायचा. शेवटी एक हात पदरात गुंडाळून ठेवला तेव्हा कुठे गोळा सुखाने फ्रिजमध्ये गेला. जॅमसुद्धा बाजारचा नाही वापरला. डांगकडची स्ट्रॉबेरी हातगाडीवर मिळाली, ती साखर घालून, लिंबू पिळून आटवली. थेंब गार बशीवर टाकून बोटाने सरकवला, त्याला सुरकुती पडली तेव्हाच गॅस बंद केला. या खेपेला वाट्यांत जॅम निम्म्याच्या जरासा वर, बस. कडा बदामी झाल्या, साच्यातच थोडे निवू दिले आणि मग काढले. असे खुसखुशीत की विचारू नकोस. नीलाबेनने एक खाल्ला आणि विचारलं, हर्षदा आवी गई के? मी ताठ मानेने सांगितलं, नाही, हे मी केलेत.

तेव्हापासून ऑर्डरी थांबल्या नाहीत. शीतल खोके बांधते, मी भाजते आणि दुपारभर आमची बडबड चालते. जॅम तुझ्यापेक्षा माझा चांगला होतो, राग आला तरी येऊ दे. गुडघे दुखतात, पण ते तू असतानाही दुखतच होते.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात मी टार्टचा डबा घेऊन उधन्याहून गाडी धरली आणि नंदुरबारला उतरले. मुलीकडचे घर बघायला जातात ना, तशी गेले. तुझ्या वडिलांनाही कळवलं नव्हतं. अक्षय जरा कमी बोलतो, केसही विरळ झालेत, पण मला बघून उठून उभा राहिला. मी सांगितलं, मी हर्षदाची सासू, आणि आज मुलीकडची म्हणून आलेय. त्याने एक टार्ट खाल्ला आणि आईसाठी एक बाजूला ठेवला. मग स्वयंपाकघरात नेऊन मला विचारतो, हर्षदा हो म्हणाल्या तर त्यांच्या ओव्हनला मोठा प्लग लागेल ना, तो खिडकीपाशी बसवू की ओट्याच्या या टोकाला? पोरी, मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. योगराजची आठवण आली म्हणून आलं आणि तुझं तिथे चांगलं चाललेलं डोळ्यांपुढे दिसलं म्हणूनही आलं. मला माणूस पसंत आहे. तुला नसेल तर खुशाल नाही म्हण, पण माझं नाव पुढे करून म्हणू नकोस. ते मी चालू देणार नाही. तू गेल्यावर मला एकटं वाटणार नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? वाटेल. खूप वाटेल. ते माझं मी बघेन, मला जमतं. तू हो म्हणालीस तर लग्नात तुझ्या आईच्या जागी मी उभी राहणार, हे भाईदासभाऊंना सांगून ठेव. आणि इथला ओव्हन मी देणार नाही, तिथे नवा घे.

तुझीच,
आई