पितळी कोपऱ्यांची बॅग

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दि. ४ ऑक्टोबर १९९०

तीर्थस्वरूप काशीमामांस,
कुमारचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर सोमवारी पनवेल कोर्टाच्या आवारात सख्ख्या भावाने सख्ख्या भावाचं डोकं माझ्यासमोर फोडलं. महादेव आमचा पक्षकार, चिरनेरकडचा शेतकरी. त्याचा धाकटा भाऊ हरेश समोरच्या बाजूला. जमिनीच्या वाटणीचा दावा. तारीख घेऊन दोघं बाहेर आले आणि हरेशने चहावाल्याचं लोखंडी स्टूल उचलून महादेवच्या डोक्यात घातलं. रक्त माझ्या पांढऱ्या शर्टावर आलं.

मी मध्ये पडलो, तर त्याने माझी बॅग ओढली. रेक्झिनचीच ती, मूठ त्याच्या हातात आणि कागद चिखलात. ती मूठ त्याने माझ्या तोंडावर फेकली आणि सगळ्यांदेखत बजावलं की मोजणीला आमच्या बांधावर आलास तर उभा कापीन. मी गुडघ्यावर बसून कागद गोळा करत होतो आणि कारकून, वकील, पट्टेवाले सगळे हसत होते. आमचे मोठे वकीलसाहेबसुद्धा. ते हसू अजून कानातून जात नाही, मामा.

म्हणून रोज वापरायला चामड्याची चांगली बॅग हवी आहे. तुमचा जन्म कॅम्पातल्या दुकानात बॅगा विकण्यात गेला, तेव्हा निवड तुम्हीच करा. कागद सुरक्षित राहावेत, आणि ती घेऊन मी आलो की समोरच्याने जरा मागे सरकावं. रुचिराचं म्हणणं, खांद्याला अडकवायची मऊ बॅग घ्यावी, ओझं होत नाही. मामींना नमस्कार.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
कुमार


पुणे
दि. ११ ऑक्टोबर १९९०

चि. कुमार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझंच डोकं फुटायची वेळ आली. गुडघ्यावर बसून कागद गोळा करणारा वकील आपल्या खानदानात तूच पहिला. तसा वकीलही तूच पहिला, ते जाऊ दे. लहानपणी शाळेतून मार खाऊन आलास की तुझी आई तुला दारातूनच परत पाठवायची. ती आज असती तर तिने कोर्टातही तुला परत पाठवलं असतं.

आता बॅगेचं. बॅग घेताना आधी उघडून हुंगावी. नुसता रंगाचा वास आला तर खाली ठेवावी. अंगठ्याने दाबल्यावर सुरकुती पडली पाहिजे आणि सोडल्यावर गेली पाहिजे. सगळ्यात आधी जाते ती मूठ, तेव्हा मूठ कड्यांत ओवलेली हवी, नुसती शिवलेली नको. काळी घेऊ नकोस, तुमच्या पनवेलची धूळ काळ्यावर उठून दिसते. रुचिराला सांग, खांद्याला बॅग पोस्टमन अडकवतो, तिच्या नवऱ्याला पत्रं वाटायची नाहीत.

मी तुझ्यासाठी तपकिरी काढून ठेवली आहे. जाड म्हशीचं कातडं, आत लाकडी फळी, चारी कोपऱ्यांना पितळी टोप्या. रिकामी उचलली तरी हाताला कळतं की काहीतरी धरलंय. खाली आपटली तर फरशी फुटेल, बॅग फुटणार नाही. दिवाळीत शेजारचे आनंदा पनवेलला यायचे आहेत, त्यांच्याबरोबर देतो. ताठ मानेने वापर. पुन्हा कोणी अंगावर आला तर मार खाऊन मला पत्र लिहू नकोस.

तुझ्यावर रागावण्याइतका जीव असलेला,
मामा


खांदा कॉलनी
दि. २४ नोव्हेंबर १९९०

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. काळजी करू नका, मला खरचटलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मोजणीला गेलो. भात कापून शेतं मोकळी होती. सकाळपासून शिवीगाळ. महादेवच्या डोक्याला अजून पट्टी, हरेशचे डोळे लाल. एक दगड मोजणीदाराच्या कानाजवळून गेला. दोघी जावांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, आणि त्यांची सासू चंद्रावती दोघींच्या पाठीत काठी घालत होती. दुपारपर्यंत कसेबसे हद्दीचे दगड रोवले. मोजणीदार जीपने निघून गेला. त्याच्या जीपमध्ये जागा नव्हती, मी बांधावरून एकटाच एसटीच्या रस्त्याकडे निघालो.

मागून हाक आली. वळून पाहतो तर हरेश धावत येतोय, हातात कोयता. उभा कापीन हे शब्द आठवले आणि मामा, तुमची बॅग मी दोन्ही हातांनी फिरवली. कोपरा त्याच्या डोळ्यात बसला. तो पडला. मी वाचलो.

त्याचा एक डोळा गेला. पोलिसांनी त्याच्यावर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला आहे. इस्पितळातही त्याच्या खाटेशी शिपाई बसवलाय. मी स्वतःला वाचवलं असा माझा जबाब झाला. कोर्टात आता मी आलो की कारकून खुर्ची देतात. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि दोन नवे पक्षकार मला शोधत आले. बॅग मात्र पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेली. तशीच आणखी एक मिळेल का? काळी असली तरी चालेल. कोपरे तसेच हवेत.

तुमच्या आशीर्वादाने उभा असलेला,
कुमार


पुणे
दि. २९ नोव्हेंबर १९९०

चि. कुमार यास अनेक आशीर्वाद.

शाबास! तुझं पत्र मी दुकानात जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. मामी म्हणते की त्या माणसाच्या आईचा विचार करा. मी तिला म्हटलं, कोयता घेऊन धावताना त्याने केला होता का? दुसरी बॅग पाहून ठेवली आहे, पहिलीपेक्षा वजनाला थोडी जास्तच. संक्रांतीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा अभिमानी,
मामा


खांदा कॉलनी
दि. ६ डिसेंबर १९९०

तीर्थस्वरूप मामांना,
सौ. रुचिराचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहीत नाही. आज यांच्या नकळत लिहिते आहे.

मंगळवारी हरेशची आई, चंद्रावतीबाई, आमच्या दारात आली. यांनी पाहिलं आणि दार लावून घेतलं. ती गेली नाही, जिन्यातच बसून राहिली. हे कोर्टात गेल्यावर मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती रडली नाही. म्हणाली की आमी भावकीत भांडताव, डोकी फोडताव, पन बांध ठरला का दोनी घरा एका पंगतीला बसताव, आन मोजनीला आलेल्या मानसाला उपाशी धाडीत नाय. त्या दुपारी तिने दोन्ही मुलांना दम देऊन अंगणात बसवलं होतं. वकील न जेवता गेला हे कळलं तेव्हा तिनेच धाकट्याला पिटाळलं, की तू शिवी दिलीस, तूच बोलावून आण. हरेश पंगतीसाठी केळीची पानं कापत होता. तसाच धावला. त्याच्या एका हातात कोयता होता, दुसऱ्या हातात पानं.

मी यांना विचारलं. हे ओरडले की मला काय स्वप्न पडलं होतं? ते मला पटतं, मामा. कोयता घेऊन कोणी मागे धावलं तर मीही घाबरले असते. पण ती बाई म्हणाली की डोळा पहिल्या फटक्यात गेला, मग जबडा कसा मोडला, हाताची हाडं कशी मोडली, पडलेला मानूस कोनाला कापताय? हे मी यांना विचारलं, तेव्हा यांनी पुढ्यातलं ताट भिंतीवर फेकलं. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली, यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

आता त्या माणसाला एका डोळ्याने तुरुंगात जावं लागणार, आणि ते यांच्या एका जबाबावर. मोठे साहेब म्हणतात गप्प राहा, जबाब फिरवलास तर सनद जाईल आणि स्वतः आत जाशील. मला दोन्हींची भीती वाटते. पण घरात यांची जास्त वाटते. तुम्ही त्यांना शाबास म्हणालात, ते पत्र यांनी जपून ठेवलं आहे. दुसरी बॅग देऊ नका एवढंच मागते.

तुमची आज्ञाधारक,
रुचिरा


खांदा कॉलनी
दि. १२ डिसेंबर १९९०

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रुचिराने तुम्हाला लिहिलं हे तिने मला सांगितलं. तिने लिहिलं ते खरं आहे. बाकीचं मी लिहितो.

पहिला फटका भीतीचा होता, शपथेवर सांगतो. तो पडला तेव्हा मला पानं दिसली. चिखलात पसरलेली हिरवीगार ताजी पानं. कोयता लांब उडाला होता. तो काहीतरी सांगत होता, मला ऐकू येत होतं, आणि मी मारत होतो. त्याच्या तोंडाच्या जागी मला कोर्टातले हसणारे सगळे दिसत होते. मला बरं वाटत होतं, मामा. हात दुखायला लागले म्हणून मी थांबलो.

काल इस्पितळात गेलो. खरं बोलायला नव्हे, तडजोड करायला. वकिली डोकं. तू तुझं म्हणणं सोड, मी माझं सोडतो, दोघंही सुटू, असं सगळं मनात जुळवून गेलो होतो. पाहुणा म्हणून गेलो, हात रिकामे होते. शिपायाने आत सोडलं. हरेश भिंतीला टेकून बसला होता, आई त्याला पेज भरवत होती. मी खाटेजवळ जाऊन त्याला हाक मारली. त्याने प्लास्टरमधला हात आणि चांगला हात, दोन्ही उचलून तोंडावर धरले आणि गुडघे पोटाशी घेतले. मी परत हाक मारली, तर तो आणखी आत सरकला. कोर्टात स्टूल उचलणारा माणूस. चंद्रावतीबाई पेजेची वाटी खाली ठेवून आमच्या मध्ये उभी राहिली. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. ती म्हणाली की साहेब, आता मला मारा.

तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब बदलला. फौजदार तीनदा विचारत होते की वकीलसाहेब, काय लिहायला सांगताय ते कळतंय ना? लिहून घेतलं, मी वाचलं आणि सही केली. उद्या मला न्यायला येणार आहेत. रुचिरा म्हणाली की ती इथेच राहील.

मला बॅग नको. तुम्ही दुकानात माझं पत्र वाचून दाखवलंत, हेही तिथेच वाचा. मग माया उरली तर कळवा, नाही उरली तर तसं कळवा.

कुमार