कॉफीला ऊन दाखवलं

४ एप्रिल
परत तोच विनोद. या वेळी दिरांसमोर. हे म्हणाले, "लोकं पुरात जीव वाचवतान, आमची बाई कॉफीला रडते." सगळे हसले. मीही दात दाखवले, त्याचाच जास्त राग येतोय.

गेल्या जुलैत तीन दिवस अंजूरचा रस्ता पाण्याखाली. खालच्या मजल्यावर, दिरांच्या घरात, मांडीएवढं पाणी. दोन्ही बिऱ्हाडं आमच्या वरच्या मजल्यावर. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, प्यायचं पाणी, दिरांच्या बीपीच्या गोळ्या, कोणी भरून ठेवलं होतं सगळं? मी. फक्त माझी कॉफी दुसऱ्या सकाळी संपली. दुपारपासून डोकं असं ठणकायला लागलं की भिंतीला टेकून बसले. "चहा पी की," म्हणे. रिटायर होईपर्यंत शाळेची पहिली घंटा मी काळ्या कॉफीवर दिली. चहा पी की!

यंदा बेगमी करणार. चांगली दोन-तीन वर्षांची. हसा.

९ एप्रिल
सुषमा येऊन गेली. चौथीत माझ्या वर्गात होती, आता पूर्ण्याला खाण्याच्या मालाच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट सुपरवायझर. ती हसली नाही. वहीच काढायला लावली मला.

दळलेली भाजकी कॉफी नको, महिन्या-दोन महिन्यांत वास उडतो. हिरव्या बिया टिकतात, पण पुरात कढईत बिया भाजत कोण बसणार. इन्स्टंट सगळ्यात बरी. हवा, ओल, उजेड, उष्णता आणि दुसऱ्या कशाचा वास, यांपासून लांब ठेवायची. फ्रीजमध्ये नको.
"बाई, एकदा सील केलं की हात लावायचा नाही. बघायलासुद्धा उघडायचं नाही."
होय बाई, म्हटलं.

१६ एप्रिल
आख्खा दिवस यात. सुषमाने आणलेली चंदेरी जाड पाकिटं, प्रत्येकात कॉफी, वर हवा शोषून घेणारी एक छोटी पुडी, मग तोंडावर कापड ठेवून इस्त्री. पहिलं पाकीट जाळलं. बाकीची जमली. हे दारात उभे: "माझा शर्ट चुरगाळलेला, नि कॉफीला इस्त्री." मी पुढचं पाकीट घेतलं.

सगळी पत्र्याच्या कोठीत, मधल्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. सुकटीच्या डब्यांपासून लांब. प्रत्येक पाकिटावर लाल मार्करने 'कॉफी. उघडू नये.' फळ्यावरचं अक्षर काढलंय, पहिलीतलं पोर वाचेल.

जाऊबाई (थोरल्या. हात दुखतो, यापुढे जा.बा.) जिना चढून बघायला आल्या. दोन्ही घरांची वर्षाची बेगमी त्यांच्याच हाताखालून जाते. मिरची, तांदूळ, पापड, सुका जवळा, सगळं.
"ह्ये काय भरलास?"
"कॉफी."
"येवरी?"
"हो, एवढी."
मान हलवून गेल्या.

२ मे
मागच्या बाजूला आणखी एक प्लॉट भरतायत. दिवसभर डंपर. नाला होता तिथे आता गटारीएवढी फट उरली. यंदा पाणी कुठून जाणार, कोणी सांगेल का मला? यांना विचारलं तर म्हणाले, "आपल्या शेतावर पन गोडाऊनच हाय ना." खरंय. म्हणून तर चीड येते. दुसऱ्याला शिव्या घालायचीही सोय ठेवली नाही.

१४ मे
कामतघरला बहिणीकडे तीन दिवस होते. आज दुपारी परत. गच्चीवर गेले कपडे वाळत घालायला.

जुनी चादर पसरलेली. एका अंगाला जवळा. दुसऱ्या अंगाला माझी कॉफी. सगळी. पाकिटं कात्रीने कापून, धुऊन, दोरीवर वाळत.

कॉफी कुठे होती म्हणा. खाडीची हवा लागून डांबर झालं होतं. वर माशा.

जा.बा. तिथेच, डोक्यावर पदर, कावळे हाकलत. माझी वाट बघत असल्यासारख्या हसल्या. "बरा झाला तू आलीस. पावसाल्याआदी ऊन दाखवला. ओल धरली आसती गो. आनी तुला सांगतंय, आत उंदराच्या औषदाच्या पुड्या पडल्या व्हत्या! येकयेक काडून टाकल्या. तू पिली आसतीस मंजे?"

आत्ता लिहिता येत नाही.

१५ मे
लिहायलाच हवं.

मी ओरडले. दीर, हे, शेजारची गच्ची, सगळ्यांनी ऐकलं. "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, उघडू नये! चार अक्षरं वाचता आली असती तर ही वेळ आली नसती!"

असंच म्हणाले मी. शब्द न् शब्द.

जा.बा.नी हातातली काठी खाली ठेवली. "कोटी उगडून भराय-काडाय मीच जातंय. तुला ठावं हाय. मंग लिवलंस ता कोनासाटी लिवलंस?"
आणि जिना उतरून गेल्या. जवळा तसाच टाकून.

रात्रभर उत्तर शोधलं. पण म्हणून मी चुकले असं नाही. विचारायचं होतं ना! तीन दिवस थांबायचं होतं! माझ्या नावाची या घरात एक कोठी, तीसुद्धा कोणी धड राहू देईना.

१६ मे
त्या डांबरातलं चमचाभर खरवडून पाण्यात टाकलं. प्यायले. जवळा. निव्वळ जवळा. रागाने पूर्ण कप संपवला आणि मग ओकले.

२१ मे
जा.बा. वर येत नाहीत. सकाळी भाकरी यायची खालून, ती बंद. मी आमटी पाठवली, भांडं तसंच परत आलं, झाकणसुद्धा न उचललेलं.
हे म्हणतात, "माफी मागून टाक."
"कशाची? माझाच माल गेला."
"कॉफीची न्हाय मागायची."
आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाचं बोलले, तेही माझ्याविरुद्ध.

३० मे
सुषमाला फोनवर सगळं सांगितलं. पुड्यांचं ऐकून ती हसत सुटली. मग म्हणाली, "पण बाई, त्यांना वाचता येत नाही? तुमच्या घरात?"
फोन ठेवला मी. नंतर मेसेज केला, रेंज गेली होती म्हणून. खोटं.

३ जून
प्रौढ साक्षरतेचा वर्ग मी घेत होते, देवळाच्या ओट्यावर, संध्याकाळी सहा ते आठ. दोन वर्षं. प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. गावातल्या किती बायका सही करायला शिकल्या.
सहा ते आठ आमच्या घरचा स्वयंपाक कोण करत होतं?
जा.बा.
एकदा आल्या होत्या त्या वर्गाला. हाताला पीठ. ओट्याच्या कडेला टेकल्या. मीच म्हटलं, "वहिनी, तुम्ही इथे, मग चुलीवर कोण?" सगळ्या बायका हसल्या. त्याही हसल्या, आणि गेल्या.
हे मला आठवत नव्हतं. आज भांडी घासताना आठवलं. पातेलं आपटलं, पोचा आला.

१२ जून
आज जा.बा.नी पुराच्या भीतीने आमच्या मधल्या खोलीत ठेवलेलं त्यांचं सामान खाली नेलं. तांदळाची कोठी, मिरच्या, सुकट, कपड्यांची ट्रंक. दीर घामाघूम. खाली! जिथे गेल्या वर्षी मांडीएवढं पाणी होतं! मी जिन्यात आडवी उभी राहिले.
"वहिनी, पाणी भरतं खाली."
"भरूं दे."
"सगळं भिजेल."
"माजा हाय. भिजूं दे."
बाजूला झाले. काय करणार होते?

हट्टी बाई. हट्टी, हट्टी. अठ्ठावीस वर्षं एका घरात काढली, आणि मला आज कळतंय की हिला माझ्याइतकाच राग येऊ शकतो.

२७ जून
सुषमा नवी पाकिटं देऊन गेली. तशीच पडलीत. मार्कर उघडला आणि परत झाकण लावलं. माझं काहीही बांधून ठेवायला मन घेत नाही. नेहमीच्या डब्यातली कॉफी रोज पिते, संपली तर संपली.
बाकी सगळं भरलंय. दोन्ही घरांपुरतं. दिरांच्या गोळ्यासुद्धा.

८ जुलै
ठरवून खाली गेले. काय बोलायचं ते मनात तीनदा घोकलं होतं, मुलांचं पाठांतर घ्यायचे तसं. जा.बा. मासे साफ करत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी..." त्या म्हणाल्या, "पाट घे, बस." बसले. त्या मासे साफ करत राहिल्या. दहा मिनिटं. मग माझ्या तोंडून काय निघावं? "खवले असे उडवू नका, भिंत घाण होते."
स्वतःच्या थोबाडीत मारावी.
उठून आले.

२३ जुलै
सकाळपासून कोसळतोय. नाल्याची ती फट दिसेनाशी झाली. पाणी अंगणात. दीर वर आले, पुतण्या आणि त्याची बायको वर आली. जा.बा. नाहीत.
दीर: "ऐकत न्हाय. म्हनते, खाट उंच हाय."
हे जाऊन आले. नकार.

दुपारी दोन
पाणी उंबऱ्याच्या आत. मी गेले. पोटरीपर्यंत, गार, काळं. जा.बा. खाटेवर पाय वर घेऊन, मांडीवर ट्रंक. खाली तांदळाची कोठी अर्धी बुडालेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माफी मागायची होती. देवाशपथ, तेवढ्यासाठीच उतरले होते.
"उठा," मी ओरडले. "नाटकं पुरे झाली. सगळे वर खोळंबलेत तुमच्यासाठी!"
त्या म्हणाल्या, "तू जा वर. वर तुजा घर हाय."
"आणि तुमचं?"
त्या ट्रंकेची कडी चाचपत राहिल्या.

वर येऊन हे लिहितेय, ओल्या साडीत. अजूनही रागच येतोय, आणि तो कोणावर ते आता मला नीट माहीत आहे.

पाणी खाटेच्या पायाला अर्ध्यावर, पुतण्या सांगतोय. तो नि हे दोघं तिला उचलून आणायचं म्हणतात. मी नको म्हटलं. साठी ओलांडलेल्या बाईला पोत्यासारखं उचलून आणणार?
मीच जाते परत. या वेळी आधी खाटेवर तिच्या शेजारी बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. जमलं तर.