भिंतीत चिणलेल्या बाळाचे मृत्युपत्र

मी, विनिफ्रेड ऑकरॉइड, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार ‘थ्री लॅन्टर्न्स’ पब, हेदरथ्वेट, यॉर्कशायर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. संतापलेले आहे, पण त्याला कायद्याची आडकाठी नाही.

१. चारशे वर्षांची ही इमारत आणि मागची बाग माझ्या दिवंगत पतीचा पुतण्या नेव्हिल याला मिळावी, मात्र कलम ४ पाळले तरच. हा नेव्हिल दर शनिवारी पर्यटकांना बागेत नेऊन सांगतो की हेस्टर नावाच्या बाईने आपले बाळ भिंतीच्या कोनाड्यात चिणले, आणि अजून ती काळ्या कपड्यांत येऊन त्याच्याशी कुजबुजते. हेस्टर म्हणजे माझी मावशी. आणि ते बाळ म्हणजे मी!

२. खरे काय ते ऐका. ते कोनाडे मधमाश्यांच्या टोपल्या ठेवण्यासाठी बांधलेले आहेत. मला जन्म देताना माझी आई गेली. घरात कोणी गेले की टोपल्यांना काळी फीत बांधून, दाराच्या किल्लीने टकटक करून मधमाश्यांना सांगावे लागते, नाहीतर त्या रुसून निघून जातात. मला कडेवर घेऊन मावशीने रडत रडत ते केले. मग मला दुधासाठी पलीकडच्या शेतावरच्या बाईकडे ठेवून ती रिकाम्या हातांनी परतली. पबात उतरलेल्या कुणा शहरी पाहुण्याने खिडकीतून एवढेच पाहिले, आणि त्याने गावोगाव काय सांगितले ते देव जाणे. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही. तिने लग्न केले नाही, मला वाढवले.

नेव्हिलला मी झापले तेव्हा म्हणतो, “काकू, भुताशिवाय खोल्या भरत नाहीत गं.”

“मग स्वतःच्या आईचं भूत कर की, मेल्या!”

“आमच्या आईचं कोणाला खरं वाटणार?”

“आणि माझ्या आईचं वाटतं होय रे?”

पुढच्याच शनिवारी कोनाड्यात प्लॅस्टिकची बाहुली आली.

३. ती बाहुली मी शेकोटीत घातली आहे, वाटणीत धरू नये. मधमाश्यांना धुरी द्यायचे भांडे आणि जाळीची टोपी शेजारीण मॉडला द्यावी. बँकेतल्या शिलकीतून हेस्टरच्या थडग्यावर नवा दगड बसवावा. त्यावर ‘विनिफ्रेडची आई’ असे कोरावे. मावशी नव्हे.

४. मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी, पर्यटक जमलेले असताना, नेव्हिलने स्वतः टोपल्यांना काळी फीत बांधावी. तोवर धीर धरा, असे मी मधमाश्यांना आधीच सांगून ठेवले आहे. मग किल्लीने टकटक करून त्याने म्हणावे: “हेस्टरची पोर गेली. म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणात गेली.” हे न केल्यास सगळे मॉडला जावे.

आणि मोठ्याने म्हणावे. कुजबुजलेले चालणार नाही.

सही: विनिफ्रेड ऑकरॉइड

आमच्यासमोर सही केली, टेबलावर मूठ आपटून:
आल्फ्रेड थ्रेलफॉल, खाटीक
सिबिल डॉकरे, निवृत्त शिक्षिका

हेदरथ्वेट, १२ ऑक्टोबर २०१९