तपासणीपुरते पेशंट

बाई, तुम्ही केरळातून बेळगावात आलात, आम्हाला नर्सिंग शिकवलंत आणि इथंच गेलात. बरं झालं, आमचं कॉलेज बघायला राहिला नाहीत. निपाणीच्या अलीकडं आहे, मी तिथंच शिकवते. वर्षभर कॉलेजच्या वॉर्डात गाद्यांशिवाय कुणी नसतं. पण कॉलेजच्या मान्यतेची तपासणी आली की भाड्याची रोगराई टेम्पोत बसून येते आणि साहेब गेले की जेवून परत जाते. मुली रबरी बाहुल्यावर सुई टोचायला शिकतात. म्हणजे शिकत नाहीत. बाहुल्यावरचं प्लास्टिकचं कव्हर फाटेल म्हणून टोचायला बंदी आहे. किळस येते, बाई.

काल बोरगावकडची एक म्हातारी आणलेली. गादीवर आडवी होत मला म्हणाली, "आक्का, झोपायचं आन् कण्हायचं, एवढंच न्हवं?" तिच्या उशाशी आमची शेवटच्या वर्षाची पोरगी, वडगावच्या विणकराची. मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड बोलते, म्हणून साहेबांपुढं मिरवायला उभी केलेली. तिनं म्हातारीचं बीपी मोजलं, परत मोजलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मॅडम, आजीचं बीपी लई वाढलंय. डोकं ठणकतंय म्हणत्यात. डॉक्टरास्नी बोलवा."

"अगं, त्या काय पेशंट हाईत व्हय..." म्हणता म्हणता प्राचार्यांनी जीभ चावली. तपासणीचे साहेब काजू खात होते, ते खातच राहिले. प्राचार्य माझ्याकडं वळले. "मॅडम, हिला बीपी बघाय येत न्हाय. सांगा की साहेबांना."

मी नुसती मान डोलवायची होती. कॉलेज पास, पोरगी नापास, म्हातारी टेम्पोत.

आणि मला सरकारी दवाखान्यातला आपला वॉर्ड दिसला. मी बीपीच्या पाऱ्याकडं टक लावून उभी आहे, तुम्ही मागून येऊन माझ्या कोपराला चिमटा काढता. "मशीन नंतर. पहिला तोंड बघ!"

बघितलं. लालबुंद, घामेजलेलं, तरी पाहुणीसारखं ओशाळं हसणारं. मग पट्टा बांधून मीच मोजलं आणि म्हणाले, "पोरगी बरोबर आहे. आजींना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

म्हातारी दचकली. "मग आता खरंच कण्हू व्हय गं?"

ती निपाणीच्या दवाखान्यात आहे, पोरगी तिच्यापाशी बसलीय. माझी खुर्ची राहील असं वाटत नाही. सगळे मला धाडसी म्हणतायत. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: धाडस कसलं, बाई? साहेबांपुढं उभी होते तेव्हा मी कोपर अंगाशी घट्ट दाबून धरलं होतं.