निंगव्वाचं दुखणं

१० जानेवारी १९३२
जेऊरहून आगगाडीनं आले आणि या धर्मादाय इस्पितळात परिचारिका म्हणून रुजू झाले. वॉर्ड ऐसपैस आहे, खिडकीतून तळ्यावरचा वारा येतो. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा तोंडावर, त्यामुळे नवी पेठ माणसांनी फुललेली. मीही हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, जत्रेत रोगी कमी आणि म्हातारी माणसं जास्त येतात. घरी पाहुणे आले की लोक आपल्या म्हाताऱ्यांना इथं आणून सोडतात.

११ जानेवारी
तसंच झालं. शुक्रवार पेठेतल्या वीरभद्रप्पानं आई निंगव्वाला आणलं. तिला दिसत नाही म्हणाला. तो गेल्यावर तिनंच माझ्या पदराचा उसवलेला टाका दाखवला, सुई मागून शिवूनही दिला. "मला काय बी न्हाय झालं बाई. पावणे हायत, घरात जागा न्हाय," म्हणाली. दुसरा म्हातारा, धोंडप्पा, तर गाठोडं काखेत मारून चालत आला, आणि पुतण्या सांगतो, चुलत्याचे पाय गेलेत. निंगव्वा आणि मी पोट धरून हसलो.

१२ जानेवारी
धोंडप्पाला उठता येईना. पायाला टाचणी टोचली तरी कळत नाही. निंगव्वाच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली आहे. एका रात्रीत. डॉक्टरांना कारण सापडत नाही. घरच्यांनी तोंडानं जे सांगितलं, तेच — नको, असलं लिहू नये.

१३ जानेवारी
शुक्रवार पेठेत जाऊन आले. वीरभद्रप्पाला विनवलं, एकदा येऊन आईला सांगा की ती बरी आहे. जत्रेतल्या अक्षता झाल्यावर बघू, म्हणाला. पंगतीत पाहुण्यांनी म्हातारीची चौकशी केली. सून वाढता वाढता बोलून गेली, "सासूबाईंचं आता काय खरं न्हाय. आजचा दिस बी काढायच्या न्हाईत."
मी इस्पितळाकडे धावत सुटले —

संध्याकाळ
निंगव्वाच्या घशात घरघर. हात गार. तू बरी आहेस, बरी आहेस, म्हणते — काही होत नाही. मी कुठं तिच्या घरची? ती सारखी विचारते, "ईरभद्र आला का?"

आला. नवा फेटा, मागे पाहुणे. मी हात जोडले. बरी आहे म्हणा, एवढंच — तो आईकडे बघतो, मग पाहुण्यांकडे. सून त्याची बाही ओढते. निंगव्वानं आवाजाकडे मान वळवली आहे. तो तोंड उघडतो —