बुवांची खुंटी

१२ जाने. १९५६, गुरु.
शाळेतून आले तर ओट्यावर एक गृहस्थ. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. म्हणे बुवांचा मुलगा. एवढे नावाजलेले गवई चिंचवडात राहिले ते याच घरात, हे सगळ्यांना ठाऊक. पण मुलगा? तात्यांनी, माझ्या वडिलांनी, बुवांना सोळा वर्षं तबल्याची साथ केली, घरी मुलाचा शब्दही काढला नाही. सांगतो ते नाव तरी खरं कशावरून? इथे नुसतं ग. लिहीन.
"मला काही नको ताई, घर बघायचंय फक्त." काही नको तर मुंबईहून आलास कशाला?
जाताना विचारलं, "ती खुंटी आहे का हो अजून?" ओसरीवरची दाखवली, बुवांचा कोट तिलाच असायचा. "ही नव्हे. असू द्या," म्हणाला आणि गेला.

१३, शुक्र.
कुठली खुंटी? घरात अकरा आहेत. भिंतीत काही दडवलंय की काय बुवांनी?
पिंपरीला कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला लागल्यावरच बरा बाप आठवला याला. आमच्याकडे कागद नाही. बुवा जाताना तात्यांना म्हणाले, "घर तुमच्या हवाली." तात्या म्हणायचे, दिलं. दिलं की नुसतं सांभाळायला दिलं, ते विचारायला आता दोघंही नाहीत.

१५, रवि.
अकराही खुंट्या उपटल्या. एकीमागे झुरळं, बाकी माती. भिंतीची चाळण झाली. शहाणीच मी.

१६, सोम.
शाळेत सांगितलं, वाण्याला सांगितलं: तोतया आहे, दारात उभा करू नका. सगळ्यांना पटलं. बरं वाटलं.

१८, बुध.
कोंडाबाई बुवांकडे भांडी घासायची. तिला सहज विचारलं.
"पोरगं व्हतं की. तंबोरा पाडला म्हनून बुवांनी लई मारलं त्याला. मग मामा घिऊन गेला, परत न्हाई आलं."
"मला कधी बोलली नाहीस?"
"तुमी इचारलं कवा?"
ग.ने हिला चहा पाजून पढवलं असेल. काय सांगावं.

२१, शनि.
बुवांचा फोटो उतरवून पुसला. मांडीवर तंबोरा. तीन खुंट्या काळ्या, चौथी पांढुरकी, नंतर बसवलेली. जन्मभर फोटो पाहिला, हे दिसलं नाही. तंबोऱ्याची खुंटी म्हणत होता तो. आणि मी भिंती उकरत बसले.
मागच्या दाराच्या कोयंड्यात तात्यांनी घातलेलं लाकूड रोज काढते, रोज घालते. आज राखेने घासलं. खाली काळं, कोरीव, फोटोतल्या तिघींसारखं. मधे तारेपुरतं भोक.
तंबोरा पडून त्याची एक खुंटी निघाली, हे या घरात वाढलेल्यालाच माहीत असणार. म्हणजे तो खरा. गावभर त्याला तोतया म्हटलं, त्याची लाज वाटते. त्याहून भीती जास्त. या वयात मी कुठे जाऊ?
संध्याकाळी त्याचं पत्र आलं. "सोमवारी येतो. खुंटी सापडली तर तेवढी द्या. घराचं मनात नाही."

२२, रवि.
पत्र चारदा वाचलं. खरंही असेल. पण खुंटी घेऊन गावापुढे उभा राहिला तर? त्याच्याकडे दुसरा पुरावा काय आहे?
मार खाल्ला बिचाऱ्याने तिच्यापायी.
मागच्या दाराला सुतळी बांधली आहे. खुंटी एका डब्यात ठेवली. कुठल्या, ते इथे लिहीत नाही.